पहिलं की दुसरं

तीन महिने झाले, संध्याकाळी
घरांचे नंबर विरघळायला लागलेत.
कुणाला बोलले नाही.
तेवीस वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या बाईला
नंबर लागतात कशाला?
कुठल्या दारातून कुठलं पोर
टोपी विसरून धावत येणार,
ते माझ्या ब्रेकवरच्या पायालाही ठाऊक.

पण ऑक्टोबरात, खाडिलकडच्या... नाही,
हुकुलाकांच्या शेताशी, वळणावर,
हरीण मला हरीण म्हणून उशिरा दिसलं.
आधी ते कुंपणाचा खांब होतं.

नेस्टर म्हणाला, सास्काटूनला जा.
मॉलमध्ये एकावर एक फ्री,
वीस मिनिटांत तपासणी, तासाभरात चष्मा,
शिवाय पार्किंग.
जायला दीडशे किलोमीटर, यायला तेवढेच.
कूपन त्याने जपून ठेवलं होतं,
गव्हाच्या बियाण्याच्या पावतीला टाचून.

गावातला दवाखाना बियाण्यांच्या दुकानाला लागून.
फ्रेमची एकच भिंत. थोडं महाग.
चष्मा यायला दहा दिवस, बर्फ पडला तर पंधरा.
दारावर पाटी: डॉ. डेल्फीन उलेट.

डेल्फीन.
तिसरी सीट, डावी खिडकी.
काचेवर वाफ सोडून उलटी अक्षरं काढायची,
बाहेरच्यांना सुलट दिसावीत म्हणून.

खरं कारण सांगते.
मॉलमध्ये मला कुणी ओळखत नाही.
तिथे तक्ता पाठ करून म्हणता येतो,
लायसन्सच्या कागदावर अनोळखी सही घ्यायची
आणि अंधाराच्या आत घरी.

निघालेही.
हायवेच्या पहिल्या पाटीशी आले
आणि वाचलं: सास्काटून, एकशे सेहेचाळीस.
मग लक्षात आलं, वाचलं नव्हतं.
पाठ होतं.
पाटी नुसती हिरवी होती.
तिथेच गाडी वळवली.

काउंटरवर इलोइलोची रोवेना.
हिनेच गेल्या हिवाळ्यात नणंदेच्या चष्म्याचा स्क्रू
पोस्टाच्या पायऱ्यांवर, हातमोजे काढून बसवला होता,
पैसे घेतले नव्हते.
माझं नाव तिने विचारलं नाही. लिहिलं.

आत अंधार. हनुवटी टेकवायची थंड पट्टी.
पहिलं की दुसरं?
पहिलं.
आता? पहिलं की दुसरं?
दुसरं.
आता?
मी गप्प.
"सारखं वाटलं तर सारखं म्हणा, मिसेस क्लिमचुक.
तेही उत्तर असतं."

मग तिने काहीतरी दाबलं
आणि मी दाराच्या फटीतून पाठ केलेली ओळ
भिंतीवरून निघून गेली.
तिथे दुसरीच अक्षरं आली,
धुक्यात उभी, एकमेकांना टेकून.
ती काही बोलली नाही.

एकदा तिच्या दप्तरात बेडूक होता,
मी आरशातून पाहिला आणि डोळेझाक केली.
मला वाटलं, आज फेडेल.
नाही फेडलं.

मोतीबिंदू. दोन्हीकडे. उजवा पुढे.
ऑपरेशनला नंबर लागेपर्यंत नवी काच,
आणि बस सूर्य वर असेल तेव्हाच.
डिसेंबरात सूर्य उगवतो नऊच्या सुमाराला
आणि शाळा भरते पावणेनऊला.
हा हिशेब तिने केला नाही.
मी केला, खुर्चीतच.
तिने दिवा लावायला जरा वेळ घेतला,
बरं झालं.

रोवेनाने अकरा फ्रेमी चढवल्या, नऊ उतरवल्या.
एकीला म्हणाली, ही तुम्हाला रागीट करते.
तीच घेतली.
नेस्टरचं कूपन पर्समध्ये होतं,
त्यात च्युइंगम गुंडाळून टाकलं.

चष्मा बाराव्या दिवशी आला.
सकाळची फेरी आता आर्डेलकडे, दुपारची माझ्याकडे.
आज आठाला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी,
हातात चहा.
बस आमच्या फाटकाच्या दिव्याखाली सावकाश झाली
आणि मी तिच्या कुशीवरचा आकडा वाचला.
सतरा.
सातच्या शेपटाशी रंगाचे टवके उडालेत.
मी कायम आत बसलेली,
मला कुठून दिसणार.